भिंगाचा स्वभाव

कांच ही निर्जीव वस्तु. आणि निर्जीव वस्तूला गुणदोष असले तरी स्वभाव नसतो, असा सर्वसामान्य समज आहे. परंतु ज्यांनीं छायाचित्रणाचा नाद दहा-पांच वर्षें केला आहे अशा मंडळींच्या बैठकींत घटकाभर बसून पाहावें, म्हणजे हा समज तेथें कोणीच मानीत नाहीं असें दिसून येईल. तेथें एक भिंग 'कडक' असतें, दुसरें 'मवाळ' असतें; एक भिंग चेहऱ्यामागची झाडी लोण्यासारखी वितळवून टाकतें, तर दुसरें त्याच झाडीच्या प्रत्येक पानाला दुहेरी कड देऊन सगळी पार्श्वभूमि अस्वस्थ करून सोडतें. तानपुऱ्याच्या भोपळ्याविषयीं किंवा अत्तराच्या फायाविषयीं रसिकांनीं बोलावें, त्याच भाषेंत हे लोक कांचेच्या तीन-चार तुकड्यांविषयीं बोलत असतात. नवख्या माणसाला प्रथम याचें हंसूं येतें. पण पुढें तो स्वतः खिशांत मावेल असा एखादा लहान कॅमेरा घ्यावयास निघाला, म्हणजे त्याचें हंसूं मावळतें. कारण मोठ्या कॅमेऱ्याचें भिंग न पटलें तर काढून दुसरें बसवितां येतें. लहान कॅमेऱ्याचें भिंग बहुधा त्याच्या अंगालाच जडलेलें असतें. कॅमेरा घेतला कीं भिंग पदरीं पडलें, आणि त्याचा स्वभावहि पदरीं पडला.

तेव्हां हा स्वभाव म्हणजे आहे तरी काय, तो कोठून आला, आणि तो पाहून भिंग निवडणें हें शहाणपणाचें कीं नुसतें हौसेचें, या प्रश्नांचा थोडा ऐतिहासिक विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. भिंगाचा स्वभाव म्हणजे त्याच्या ठिकाणीं उरलेले दोष होत. छायाचित्रणाचा गेल्या पावणेदोनशेंहून अधिक वर्षांचा इतिहास हा एका बाजूनें हे दोष काढून टाकण्याचा, आणि दुसऱ्या बाजूनें ते गेल्यावर हळहळून पुन्हां शोधीत फिरण्याचा इतिहास आहे.

प्रथम दोष कोणते तें पाहूं. बाहेरच्या एका बिंदूपासून निघालेले सर्व किरण आंत फिल्मवर एकाच बिंदूंत मिळावेत, एवढीच भिंगाकडून अपेक्षा असते; आणि ही साधी अपेक्षा एकहि भिंग पुरतेपणीं पार पाडीत नाहीं. निळा किरण तांबड्याहून अधिक वांकतो, त्यामुळें दोघांच्या मिलनाचीं स्थानें निराळीं होतात, हा वर्णदोष. भिंगाच्या कडेंतून आलेले किरण मध्यांतून आलेल्या किरणांच्या अलीकडे किंवा पलीकडे मिळतात. हा गोलीय दोष. सपाट भिंतीची प्रतिमा सपाट न पडतां वाटीसारखी वक्र पडते; हा वक्रतादोष. आणि तिरपे येणारे किरण बिंदूऐवजीं कधीं उभी तर कधीं आडवी रेघ काढतात, हा चौथा. यांशिवाय आणखीहि आहेत. एका कांचेचा दोष दुसऱ्या कांचेच्या विरुद्ध दोषानें मारावयाचा, ही भिंगें रचण्याची मुख्य विद्या. परंतु एक मारावा तर दुसरा डोकें वर काढतो. आणि कोणता दोष किती शिल्लक ठेवावयाचा हें शेवटीं रचनाकाराला ठरवावेंच लागतें. हा हिशेब प्रत्येकाचा निराळा, म्हणून प्रत्येक भिंगाचें चित्र निराळें.

१८३९ सालीं पॅरिस येथें दागेर याची पद्धति जाहीर झाली, तेव्हां त्याच्या कॅमेऱ्यास शार्ल शेव्हालिए यानें केलेलें भिंग होतें. वर्णदोष आवरण्यासाठीं दोन जातींच्या कांचा एकत्र जोडून केलेलें हें भिंग निसर्गदृश्यांना व इमारतींना चांगलें होतें. पण त्याचे इतर दोष झांकण्यासाठीं पुढें इतकें लहान छिद्र ठेवावें लागे कीं, चित्र उमटण्यास भर उन्हांतहि पुष्कळ मिनिटें लागत. इमारत तितका वेळ उभी राहते. माणसाचा चेहरा राहत नाहीं.

ही अडचण व्हिएन्ना येथील गणिताचे प्राध्यापक योसेफ पेट्सव्हाल यांनीं १८४० सालीं सोडविली. त्यांच्यापूर्वीं कॅमेऱ्याचीं भिंगें बहुतेक अनुभवानें व घांसून-पाहून होत. पेट्सव्हाल यांनीं आपलें भिंग आधीं कागदावर गणितानें रचलें. आंकडेमोडीचें हें डोंगराएवढें काम उरकण्यासाठीं ऑस्ट्रियाच्या तोफखान्यांतील हिशेबांत तरबेज असे कांहीं शिपाई त्यांच्या हाताखालीं देण्यांत आले होते असें सांगतात. फोइग्टलेंडर या पेढीनें तें भिंग प्रत्यक्षांत उतरविलें. भिंगाचें नाभ्यंतर त्याच्या द्वाराच्या व्यासाच्या किती पट आहे तें सांगणारा आंकडा म्हणजे एफ-संख्या. आंकडा जितका लहान तितकें द्वार मोठें. पेट्सव्हाल यांच्या भिंगाची ही संख्या ३.६ होती, म्हणजे शेव्हालिएच्या भिंगाच्या मानानें तें पंधरा-वीसपट प्रकाश आंत घेई. त्यांत प्लेटा अधिक तीव्र करण्याच्या रासायनिक युक्त्यांची भर पडली, आणि मिनिटांचें काम सेकंदांवर आलें. व्यक्तिचित्राचा धंदा खऱ्या अर्थानें येथून सुरू झाला.

पण या लाभाची किंमत द्यावी लागली. पेट्सव्हाल यांच्या भिंगाचा मध्यभाग अत्यंत रेखीव. कडेकडे मात्र वक्रतादोष शिल्लक राहिला होता, आणि चित्र मध्यापासून जसजसें दूर जावें तसतसें विरघळत जाई. मागें झाडी असली तर ती चेहऱ्याभोंवतीं भोंवऱ्यासारखी फिरत असल्याचा भास होई. ज्याला नकाशाची नक्कल करावयाची आहे त्याला हें भिंग निरुपयोगी. परंतु व्यक्तिचित्रांत चेहरा मध्यभागीं असतो, आणि कडेला असतो पडदा, खुर्चीचा हात, किंवा कुंडी. तीं अस्पष्ट झालीं तर कोणाचें नुकसान झालें? उलट पाहणाराची नजर चेहऱ्यावर खिळून राहूं लागली. गणितज्ञाला जें निरुपायानें सोडावें लागलें तें गिऱ्हाइकाला आवडूं लागलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जगभरच्या स्टुडिओंतून याच रचनेचीं भिंगें वापरांत होतीं. ज्यांच्या घरीं पणजोबा-पणजींचे जुने स्टुडिओंतले फोटो जपून ठेवलेले असतील त्यांनीं ते एकदां काढून पाहावे. डोळे, मिशा, नथ हीं लख्ख, आणि खांद्यापासून पुढें सगळें मऊ होत गेलेलें दिसलें, तर त्यांत अशाच एखाद्या भिंगाचा हात असण्याचा संभव आहे.

निरुपायानें राहिलेल्या या दोषाला बुद्धिपुरस्सर गुणाचें स्थान देणाऱ्यांत ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंचें नांव प्रथम घ्यावें लागेल. त्यांचा जन्म १८१५ सालचा, कलकत्त्याचा. पति हिंदुस्थानच्या गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलांत कायद्याचे सभासद होते. विलायतेस परत गेल्यावर १८६३ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, मुलीनें व जांवयानें त्यांना एक कॅमेरा भेट दिला. त्याचें भिंग पेट्सव्हाल पद्धतीचेंच होतें. बाईंनीं पुढें आपल्या आठवणींत लिहून ठेवलें आहे त्याचा मथितार्थ असा कीं, भिंग पुढें-मागें करतांना जेथें प्रतिमा सुंदर दिसे तेथेंच आपण थांबत असूं; इतर लोकांप्रमाणें अगदीं टोंकदार रेघ येईपर्यंत तें फिरवीत बसत नसूं. छायाचित्रणाच्या संस्थांतील जाणत्यांनीं याबद्दल त्यांच्यावर टीका केली. बाईंना कॅमेरा चालवितां येत नाहीं असा त्यांचा अभिप्राय. १८६६ पासून बाईंनीं मोठा कॅमेरा आणि लंडनच्या डॉलमेयरचें नवें भिंग घेतलें. हें भिंग इमारतींच्या सरळ रेघा सरळ ठेवण्याबद्दल नांवाजलेलें होतें. तरी बाईंच्या चित्रांतला मवाळपणा गेला नाहीं. १८६७ सालीं त्यांनीं सर जॉन हर्शेल यांचें चित्र घेतलें. छायाचित्रणाला 'निगेटिव्ह' व 'पॉझिटिव्ह' हे शब्द देणारे हे वृद्ध शास्त्रज्ञ त्या चित्रांत अंधारांतून वर आल्यासारखे दिसतात. पांढरे केस प्रकाशांत विरून गेले आहेत, आणि डोळे मात्र पाहणाराला सोडीत नाहींत. या उदाहरणावरून एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. दोष भिंग पुरवितें. त्यांतला किती ठेवावयाचा ही निवड माणसाची असते.

ज्या वर्षीं बाईंनीं डॉलमेयरचें तें भिंग घेतलें त्याच वर्षीं त्याच डॉलमेयरनें व्यक्तिचित्रासाठीं आणखी एक भिंग काढलें. त्याची मागची कांच थोडी सैल केली कीं गोलीय दोष वाढे आणि प्रतिमा मवाळ होई. पुन्हां आवळली कीं ती रेखीव होई. दोष हा स्क्रूनें कमीजास्त करण्याजोगा जिन्नस झाला होता.

तथापि भिंगशास्त्राचा मुख्य प्रवाह दोषनिवारणाचाच राहिला. तिरप्या किरणांचा दोष जुन्या कांचेनें जाईना. त्यासाठीं कांचच नवी हवी होती. जर्मनींतील येना येथें एर्न्स्ट आब्बे व कार्ल झाइस यांच्या सहकार्यानें ऑटो शॉट या रसायनशास्त्रज्ञानें १८८४ सालीं कांचेची प्रयोगशाळा काढली, आणि बेरियमयुक्त अशा नव्या जातींच्या कांचा रचनाकारांच्या हातीं आल्या. त्यांच्या बळावर झाइसच्या पेढींतील पाउल रुडॉल्फ यानें १८९० सालीं तिरप्या किरणांचा दोष व वक्रतादोष दोन्ही एकदम आटोक्यांत आणणारें भिंग केलें. १८९३ सालीं इंग्लंडांत यॉर्क येथील एका दुर्बिणीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या हॅरल्ड डेनिस टेलर यानें अवघ्या तीन सुट्या कांचांत तोच पराक्रम करून दाखविला: दोन बाजूंस फुगीर कांचा, मध्यें एक खोलगट. सर्व प्रमुख दोषांवर एकदम ताबा मिळविण्यास याहून कमी कांचा पुरत नाहींत. आणि १९०२ सालीं रुडॉल्फचें टेसार आलें. चार या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तें नांव, कांचाहि चारच. कॅमेऱ्याचा 'गरुडाचा डोळा' अशी त्याची जाहिरात झाली, आणि ती फारशी खोटी नव्हती.

गरुडाचा डोळा मिळाला, आणि लगेच कलावंतांना वाटूं लागलें कीं आपल्याला गरुडाच्या डोळ्यानें पाहावयाचेंच नाहीं. न्यूयॉर्कमध्यें १९०२ सालींच आल्फ्रेड स्टिग्लिट्स यानें छायाचित्राला कलेचा दर्जा मिळवून देण्यासाठीं एक मंडळ स्थापन केलें. त्या संप्रदायांतील कित्येकांना भिंगाचा नवा काटेकोरपणा रुक्ष वाटे. बॉस्टन येथील पिंकम आणि स्मिथ या पेढीनें त्यांच्यासाठीं मुद्दाम दोष राखलेलीं भिंगें करून दिलीं. आल्विन लँगडन कोबर्न हा त्यांचा मोठा भोक्ता होता. पुढें वारें पुन्हां फिरलें. १९३२ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम प्रभृतींनीं एक गट केला आणि त्याला एफ ६४ हें नांव दिलें, म्हणजे सर्व कांहीं स्पष्ट दाखविणाऱ्या अत्यंत लहान द्वाराचेंच नांव. गंमत अशी कीं, स्वतः वेस्टन आरंभीं मवाळ भिंगांनींच चित्रें घेत असे. रुचीचा हा लंबक एकदां या टोंकाला तर एकदां त्या टोंकाला जात राहिला; कोणतेंहि टोंक कायमचें जिंकलें नाहीं.

आतां आपण खिशांतल्या कॅमेऱ्याकडे येऊं. जर्मनींतील वेट्सलार येथें ऑस्कर बार्नाक यानें सिनेमाची फिल्म वापरणारा लहान कॅमेरा रचला, आणि १९२५ सालीं लाइपझिकच्या जत्रेंत तो 'लायका' या नांवानें लोकांपुढें आला. त्याची निगेटिव्ह फक्त २४ मिलिमीटर रुंद व ३६ मिलिमीटर लांब. आठ इंच रुंदीचा फोटो करावयाचा तर ती साडेआठपट वाढवावी लागते, आणि चित्राबरोबर दोषहि साडेआठपट वाढतात. म्हणून लहान कॅमेऱ्याला मोठ्यापेक्षां अधिक चोख भिंग लागतें. माक्स बेरेक यानें त्यासाठीं ५० मिलिमीटर नाभ्यंतराचें भिंग केलें. थोड्याच काळांत तें चार कांचांच्या रचनेंत स्थिरावलें.

येथें आणखी एक शत्रु पुढें आला, तो परावर्तन. कांचेच्या हवेला उघड्या असलेल्या प्रत्येक पृष्ठावरून शेंकडा चारांच्या आसपास प्रकाश परत फिरतो. अशीं आठ पृष्ठें असलीं तर शेंकडा अठ्ठावीस प्रकाश वाटेंतच जातो. आणि तो नुसता जात नाहीं, आंतल्या आंत आदळून चित्रावर धुक्यासारखा पसरतो. लुडविग बेर्टेले यानें यावर रचनेचा तोडगा काढला. १९३२ च्या काँटॅक्स कॅमेऱ्यासाठीं केलेल्या आपल्या भिंगांत त्यानें कांचा एकमेकींस चिकटवून उघडीं पृष्ठें सहांवर आणलीं. या भिंगांचें नांव सोनार; त्यांत आमच्या वाचकांनीं आपला सराफकट्ट्यावरचा सोनार शोधूं नये, तें जर्मन भाषेंतील सूर्यवाचक शब्दावरून आलेलें आहे. दुसरा तोडगा रसायनाचा होता, आणि त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. वर उल्लेखिलेल्या डेनिस टेलर याला १८९० च्या दशकांतच असें दिसून आलें होतें कीं, वर्षानुवर्षें हवा लागून ज्यांच्यावर डागाळल्यासारखी साय चढली आहे अशीं जुनीं भिंगें नव्या लख्ख भिंगांपेक्षां अधिक प्रकाश आंत सोडतात. लोक ज्याला कलंक म्हणून पुसूं पाहत, तो उपकारक निघाला. १९३५ सालीं झाइस येथील आलेक्सांडर स्माकुला यानें कांचेवर हेतुपूर्वक तसा पातळ थर चढविण्याची रीत शोधली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर असा लेप सर्वत्र रूढ झाला. जुन्या बिनलेपाच्या भिंगांचीं चित्रें सौम्य व धूसर कां दिसतात, आणि नव्यांचीं ठसठशीत कां, याचें एक मोठें कारण हें आहे.

एवढी पूर्वपीठिका ध्यानांत घेतली म्हणजे प्रत्यक्ष निवडीचा प्रश्न सोपा होतो. त्यासाठीं एक उदाहरण घेऊं. १९६६ सालीं कोलोन येथील प्रदर्शनांत रोलाइ ३५ हा कॅमेरा मांडण्यांत आला. हाइन्ट्स वास्के या अभियंत्यानें रचलेला हा कॅमेरा दहा सेंटिमीटरांहून कमी लांबीचा, तरी निगेटिव्ह पुरी २४ गुणिले ३६ ची. भिंगाची नळी वापर झाल्यावर आंत ढकलून ठेवावयाची. अंतर मोजण्याचें साधन नाहीं, तें नजरेनें अजमावून आंकड्यावर लावावयाचें. आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, जवळजवळ याच सांगाड्यांत निरनिराळ्या वेळीं ४० मिलिमीटरचीं निरनिराळीं भिंगें मिळत गेलीं. प्रथम चार कांचांचें टेसार, एफ ३.५, १९६९ च्या सुमारास स्वस्त आवृत्तींत तीन कांचांचें ट्रिओटार, तेंहि एफ ३.५, आणि १९७४ सालीं पांच कांचांचें सोनार, एफ २.८. म्हणजे घर तेंच आणि बिऱ्हाडकरू तीन. भिंगाचा स्वभाव निवडावयाचा म्हणजे काय करावयाचें, हें दाखविण्यास याहून सोयीचें उदाहरण नाहीं.

ट्रिओटार म्हणजे टेलरच्या १८९३ च्या त्रिकुटाचा वंशज. द्वार पूर्ण उघडें ठेवलें तर मध्यभाग चांगला, कोपरे मऊ. टेसार म्हणजे १९०२ चा गरुड: रेखीव, निश्चयी, तपशिलाला पक्का, पार्श्वभूमि मात्र तो नेहमींच हळुवार सोडतो असें नाहीं. सोनार दीडपटीहून किंचित् अधिक प्रकाश घेतें, आणि पूर्ण द्वारावर त्याच्या चित्रांतली स्पष्टतेकडून अस्पष्टतेकडे होणारी उतरण अधिक सावकाश आहे असें तें वापरणारे सांगतात. पण येथें नांवाला भुलूं नये. बेर्टेलेच्या १९३२ च्या सोनारांत तीन गट होते. या छोट्या सोनारांत पांच कांचा चार गटांत आहेत, म्हणजे आडनांव तेंच पण घराणें निराळें. भिंगावर कोरलेलें नांव पेढीचें व्यापारी चिन्ह असतें; स्वभाव रचनेंत असतो.

पार्श्वभूमीच्या या फरकाचें कारण पुन्हां गोलीय दोषांतच आहे. तो दोष थोडा कमी सुधारलेला ठेवला, तर चित्रांतल्या मागच्या प्रत्येक दिव्याची अस्पष्ट चकती कडेकडे विरत जाते आणि शेजारच्या चकतींत मिसळते. तो प्रमाणाबाहेर सुधारला, तर चकतीच्या कडेला लखलखीत कंकण उमटतें, आणि गवताच्या पात्यांना दुहेरी रेघा येतात. जपानी भाषेंत अस्पष्टतेला बोके म्हणतात; १९९७ सालीं एका अमेरिकन नियतकालिकानें या विषयावर लेख छापले, आणि तो शब्द जगभर झाला. त्या सुमारास जपानांत लहान कॅमेऱ्यांचीं भिंगें याहि दृष्टीनें रचलीं जात होतीं. १९९६ च्या मिनोल्टा टीसी-१ मध्यें २८ मिलिमीटरच्या भिंगाला पात्यांच्या बहुकोनी द्वाराऐवजीं अगदीं वाटोळीं छिद्रें दिलीं होतीं. आणि तें भिंग इतकें आवडलें कीं, पुढें तें भिंग बदलतां येणाऱ्या कॅमेऱ्यांसाठीं स्वतंत्रपणेंहि विकण्यांत आलें.

याच्या उलट टोंकाचें उदाहरण लेनिनग्राडचें. तेथें १९८४ सालीं एका जपानी कॅमेऱ्याच्या नमुन्यावरून लोमो एलसी-ए हा लहान कॅमेरा निघाला. त्याचें भिंग ३२ मिलिमीटरचें. इतक्या रुंद कोनाच्या भिंगांत केवळ भूमितीच्या नियमानें कोपऱ्यांस मध्याच्या सुमारें निम्माच प्रकाश पोंचतो. या भिंगाचे कोपरे तर त्याहूनहि काळवंडत, आणि रंग भडक येत. एखाद्या परीक्षकानें तें नापास केलें असतें. परंतु १९९१ सालीं व्हिएन्नाच्या कांहीं विद्यार्थ्यांना प्राग येथें तो कॅमेरा सांपडला, त्याचे दोष त्यांना आवडले, आणि पुढच्याच वर्षीं त्यांनीं त्याच्या नांवानें संस्था काढली. त्याच मंडळींनीं २०१३ सालीं लोकांकडून वर्गणी जमवून पेट्सव्हाल यांचें भिंग पुन्हां करविलें, तें मुद्दाम त्या भोंवऱ्यासाठीं. ज्या व्हिएन्ना शहरांत एका गणितज्ञानें तो दोष नाइलाजानें सोडला होता, त्याच शहरांतून १७३ वर्षांनीं त्याला मागणी आली.

येथें कोणी विचारील कीं, हें सारें रिकामपणचें वेड नव्हे काय? शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तर अर्धें होकारार्थी आहे. भिंगाचें द्वार लहान करून एफ ८ वर आणलें म्हणजे कडेचे किरण अडविले जातात, आणि त्यांच्याबरोबर बहुतेक स्वभावहि अडविला जातो. लख्ख उन्हांत एफ ८ वर घेतलेल्या डोंगराच्या चित्रावरून टेसार कोणतें व सोनार कोणतें हें ओळखणें भल्याभल्यांस जड जाईल. तेव्हां ज्याला किल्ले, देवळें व घाट टिपावयाचे आहेत त्यानें 'स्वभावा'साठीं चार पैसेहि जास्त मोजूं नयेत. ज्याला घरांतलीं माणसें टिपावयाचीं आहेत, दिव्याच्या उजेडांत, दोन हातांवरून, त्याचा प्रश्न मात्र खरा आहे. कारण तेथें द्वार उघडेंच ठेवावें लागतें, आणि उघड्या द्वारांतून स्वभाव आंत येतो.

आणि या दुसऱ्या माणसाच्या बाबतींतच आज कांहीं गमावण्याचा संभव उत्पन्न झाला आहे. बहुतेक घरांतून आतां कॅमेरा म्हणजे फोन. फोनचें भिंग इतकें लहान कीं त्याला पार्श्वभूमि विरविणें फारसें साधत नाहीं. म्हणून २०१६ च्या सुमारापासून फोनमधला गणकच चेहरा कोठें संपतो व भिंत कोठें सुरू होते याचा अदमास बांधून भिंत पुसट करूं लागला. पेट्सव्हाल यांच्या भिंगाला चेहरा म्हणजे काय तें ठाऊक नव्हतें. जें दूर तें विरलें, जें कडेला तें विरलें, एवढाच त्याचा नियम. गणकाला मात्र सुंदर काय याची आगाऊ शिकवण दिलेली असते. कधीं त्याचा अदमास चुकतो आणि आजीच्या पांढऱ्या केसांची सुटी बट भिंतीबरोबर पुसली जाते. कधीं तो न सांगतां तिच्या सुरकुत्याहि हलक्या करतो. कॅमेरॉन बाईंनीं हर्शेल यांचे केस प्रकाशांत विरूं दिले, तेव्हां तो निर्णय बाईंचा होता, आणि त्याबद्दल त्यांनीं जाणत्यांची टीका सोसली. फोनमध्यें निर्णय होतो, पण तो कोणीं केला हें घेणाराला ठाऊक नसतें. पुढच्या पिढीच्या हातीं जो आल्बम जाईल त्यांत आपल्या माणसांचें रूप राहील, परंतु तें कोणाच्या रुचीनें घडविलेलें, हें सांगतां येणार नाहीं. अभियंत्यांची रुचि वाईट असते असें आम्ही म्हणत नाहीं. ती आपण निवडलेली नसते, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

म्हणून ज्याला लहान कॅमेरा निवडून घ्यावयाचा आहे त्यास दोन-तीन सूचना कराव्याशा वाटतात. आपण कोणत्या अंतरावरून व कोणत्या उजेडांत चित्रें घेणार तें प्रथम ठरवावें. मग त्या भिंगानें पूर्ण उघड्या द्वारावर घेतलेलीं चित्रें पाहावींत. मागें झाडी, रात्रीचे दिवे किंवा जाळीची खिडकी असेल तर फार बरें, कारण स्वभाव तेथें लपत नाहीं. आलेख व आंकडे दोष किती तें सांगतात. तो आपल्याला सोसेल कीं नाहीं तें सांगत नाहींत. आणि जुना कॅमेरा घेतांना भिंगांतून उजेडाकडे पाहावें. मुंबई-कोंकणच्या दमट पावसाळ्यांत बंद पेटींत पडलेल्या भिंगावर बुरशीचें जाळें चढतें, आणि त्याचीं चित्रें मोठीं स्वप्नाळू येतात. ती बुरशी आहे. तिला स्वभाव समजून कोणी पैसे मोजूं नयेत.

दुकानांत गेल्यावर आपण संवयीनें विचारतों, 'यांत कांहीं दोष नाहीं ना?' भिंगाच्या बाबतींत हा प्रश्न व्यर्थ आहे. 'यांत दोष कोणता?' असें विचारावें, उत्तर म्हणून दहा-बारा चित्रें मागून घ्यावींत, आणि त्या दोषासह घरच्या माणसांचे चेहरे वीस वर्षें पाहत राहणें आपल्याला आवडेल कीं नाहीं, याचा घरीं येऊन शांतपणें विचार करावा.